कैलासवासी मुलीची शिष्यवृत्ती

आमच्या नगरच्या कॉलेजात तेव्हा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे मुलींत पहिली येणं हा काही फार मोठा पराक्रम नव्हता. पण त्या पहिल्या नंबराला एका निवृत्त मामलेदारांनी आपल्या कैलासवासी मुलीच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली होती, आणि ती हुकली तर माझं कॉलेज बंद, हे नेवाशाला आमच्या घरी ठरून बसलं होतं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, माझ्या पाठीवर भावंडांची रांग. एका बिजवराचं स्थळ तयारच होतं. त्याची-माझी पत्रिका जुळत होती म्हणे. माझं त्याच्याशी काहीच जुळत नव्हतं.

शिष्यवृत्तीला एक अट होती. श्रावणात मुलीच्या पुण्यतिथीला मामलेदारांच्या बंगल्यावर जायचं, तिच्या फोटोला हार घालायचा आणि जमलेल्या मंडळींपुढे तिच्याविषयी चार शब्द बोलायचे. जिला कधी पाहिलं नाही तिच्याविषयी बोलायचं काय? ते मामलेदारांनीच मला आधी सांगून ठेवलं. शांत होती, आज्ञाधारक होती, टायफॉइडने गेली. हे कुटुंब पेन्शनीनंतर खानदेशातून नगरला आलेलं, तेव्हा तिला पाहिलेलं दुसरं कुणी गावात नव्हतंच. फोटोतली मुलगी माझ्याच वयाची. डावी भुवई मधोमध तुटलेली, लहानपणी खोक पडली असावी. पहिल्या वर्षी बोलता बोलता मी खरंच रडले. मामलेदारांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला ते देवमाणूस वाटले.

पुढच्या चैत्रात परीक्षा आटोपून मी अकोल्याला मामाकडे गेले. मामीने चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं होतं. गुलाबदाणी माझ्या हातात. बायका येत होत्या, कैरीची डाळ आणि पन्हं घेऊन ओसरीवर बसत होत्या. एक शेतकरी म्हातारी सुनेला घेऊन आली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "ही आमची सून. लई शिकल्याली हाय. गावातल्या पोरींची शाळा हीच चालवती."

मी गुलाबपाणी शिंपडायला वर पाहिलं आणि गुलाबदाणी हातातून सुटली. तीच डावी भुवई, मधोमध तुटलेली. मेलेल्या माणसाने कपाळ पुढे करून मामीकडून कुंकू लावून घेतलं.

मी तिला मागच्या पडवीत गाठलं. "तुमची एखादी बहीण टायफॉइडने गेली का हो?"

"मला बहीणच नाही."

मग मी मामलेदारांचं नाव घेतलं. फोटो, हार, भाषण, सगळं एका दमात सांगून टाकलं. ती हळूच पायरीवर बसली.

"टायफॉइड का?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, विहीर सांगतील."

तिने परजातीत लग्न केलं होतं. तिचे यजमान मास्तर, या म्हातारीचा मुलगा; त्यांनीच तिला पुढे शिकवलं. अकोल्यातल्या रजिस्टर लग्नाची बातमी घरी पोचली त्या दिवशी वडिलांनी तिच्या नावाने अंघोळ केली, एवढं तिच्या कानावर आलं होतं. फोटोला हार चढतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"कसला हार घालतेस गं?"

"मोगऱ्याचा."

"मोगऱ्याने माझं डोकं दुखतं," ती म्हणाली आणि हसली. मला ते हसू सोसवेना. जिवंत बाईसाठी मी भर सभेत रडले होते! संतापाने माझे कान तापले. असला खोटा पैसा मला नको, मी उद्याच कॉलेजला कळवते, असं मी तणतणत म्हणाले.

तेव्हा मात्र ती चिडली. "शहाणपणा करू नकोस. मला कॉलेजात जायचं होतं तेव्हा दारं लावून कोंडून ठेवलं त्यांनी. माझ्या शिक्षणावर दमडी खर्च केली नाही. आता माझ्या नावाने करताहेत तर तू शीक."

निकाल लागला, मी पुन्हा पहिली आले. श्रावणात बंगल्यावर गेले. मामलेदारांनी मंडळींसमोर सहज विचारलं, "सुट्टीत कुठे होतीस?"

"अकोल्याला, मामाकडे."

"ऊन फार तिकडे," एवढंच म्हणून त्यांनी सुपारीचं तबक पुढे ओढलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग मी उभी राहिले आणि शांत, आज्ञाधारक, टायफॉइड, सगळं तसंच्या तसं म्हणून दाखवलं. बिजवर अजून नेवाशात वाट पाहत होता. या वेळी रडू आलं नाही.

जेवणाआधी मामलेदारीणबाईंनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. वर्षभरापूर्वी "पोटभर जेव" यापलीकडे त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी दार पुढे लोटलं आणि पुन्हा पुऱ्या तळायला बसल्या.

"अकोल्याला... भेटली का?" कढईवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

ते खोटं एकट्या मामलेदारांचं, ही बिचारी फसलेली, असं मी धरून चालले होते. यांना सगळं ठाऊक होतं. आणि दर श्रावणात याच हातांनी त्या तिच्या पुण्यतिथीचा स्वयंपाक करत होत्या.

"भेटली," मी कशीबशी म्हणाले.

"मूलबाळ?"

"दोन मुली. धाकटीला तिची आजी कडेवरून उतरू देत नाही."

त्यांच्या हातातला झारा थांबला. कढईतली पुरी लाल झाली, मग काळी पडली. ती त्यांनी काढून बाजूला टाकली, पदराने तोंड पुसलं आणि दबल्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, पहिला नंबर सोडू नकोस हं. दुसरीच कुणी पहिली आली, तर मला तिची खबर कोण सांगणार?"