न दिसणारी रेघ

मावशी सुरी उन्हात आडवी धरायची, धार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे करायची आणि विचारायची, "दिसून राह्यली का रेघ?" आपण "नाही" म्हटलं की समाधानानं मान हलवायची. "मंग बराबर."

मंठ्यात बाजाराच्या दिवशी माझ्या खानावळीसमोर कडुलिंबाखाली ही धार लावणारी मावशी बसायची. पायानं फिरवायचं चाक नवऱ्यामागं तिच्याकडं आलं होतं. बाईमाणूस चाकावर बसते म्हणून लोकांनी आधी नाकं मुरडली. मग त्यांच्याच विळ्या-सुऱ्या तिच्यापुढं येऊन पडू लागल्या.

बोथट पात्याच्या कडेवर ऊन पडलं की बारीक पांढरी रेघ चमकते. धार नीट झाली की ती नाहीशी होते. मावशी म्हणायची, "रेघ दिसली का समजायचं, उन्हाला बसाया अजून पाट टाकलेला हाय." मग ती कनवटीचा चिमूटभर कापूस काढून पात्यावरून ओढायची. तंतू अडकला तिथं खाच. नखावर धार टेकवून बघणाऱ्यांची मात्र ती फार टिंगल करायची. "डोळे काय घरी ठिवून आल्ते का?"

हिवाळ्याच्या सकाळी मी भाजी निवडायचं सोडून तिच्याकडं बघत बसायची. चाकाची घरघर, पानांतून सांडणारं ऊन, त्यात विरून जाणाऱ्या ठिणग्या. सगळा बाजार कुठंतरी लांब वाहत असल्यासारखा वाटायचा. तिकडं माझं वरण उतू जायचं. तुम्ही तिथं असता तर तुमचंही गेलंच असतं.

मागच्या वर्षी मात्र तिनं धार लावलेली सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली. मी आधी टोमॅटोला शिव्या घातल्या. तिनं रेघेचं विचारलं की न बघताच "नाही" म्हणायची सवय झाली होती सगळ्यांना. पुढच्या बाजारी पुन्हा तेच. एकेक गिऱ्हाईक कुरकुरत विजेवर फिरणाऱ्या चाकावर धार लावून घ्यायला जाऊ लागलं. माझा काही पाय निघेना. शेवटी मी सुरी घेऊन तिच्यापुढं बसले.

"मावशी, एवढी एक बघ गं परत."

तिनं सुरी उन्हात धरली. "दिसून राह्यली का रेघ?"

मला दिसत होती, टोकापासून मुठीपर्यंत. "दिसते, मावशी."

"मला तर न्हाई दिसत." तिनं दुसरी सुरी उचलली, मग एक विळी. "हिची बी न्हाई. हिची बी न्हाई." मग ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, पण तिची नजर माझ्यावर ठरत नव्हती. "म्हंजी मला सगळ्याच धारा चांगल्या दिसून राह्यल्या, पोरी. किती लोकाईला बोथट पाती देल्ली असतील म्या."

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्या दिवशी तिनं सगळ्यांची हत्यारं परत केली. माझी एक सुरी तेवढी ठेवून घेतली आणि चक्क डोळे मिटून चाक फिरवायला लागली. मधेच थांबून धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायची. घसरली की पुन्हा चाक. चावली तेव्हा ती स्वतःशीच हसली. "लई हासले म्या ह्या नखाला."

सुरी तिनं फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "वापरू नको. डोळ्याचं आपरेशन झालं का म्याच उन्हात बघन. रेघ दिसली, तर चाक इकून टाकन बघ. हात गेला म्हनायचं मंग."

"आणि नाही दिसली तर?"

"तर बसन की हितंच, लिंबाखाली."

ती लेकीकडं हसनाबादला गेली. ऑपरेशन ठरलं होतं, पण त्याआधीच एका दुपारी ती झोपेत गेली. चाक न्यायला आलेल्या जावयानं सांगितलं, तेव्हा मी भर गिऱ्हाइकीत तोंडाला पदर लावून रडले.

परवाच्या बाजारी ते फडकं सोडलं. झाडाखाली तिच्या जागी उभी राहिले आणि सुरी आडवी धरली. ऊन पात्यावर आलं, टोकापासून मुठीपर्यंत हळूहळू सरकलं. बसायला जागा शोधत होतं बिचारं.

"न्हाई दिसत, मावशी," मी मोठ्यानं म्हणाले. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. "बराबर हाय."