मैनाने मागे घेतलेला अंगठा

शिरढोणजवळच्या वीटभट्टीवर मैना हिलम दिवाळीपासून वैशाखापर्यंत विटा थापायची. चौऱ्याण्णव साली मुंबईच्या एका संस्थेतल्या वसुंधराबाई तिथे आल्या. बायकांच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून त्यांना एक ढकलगाडी बनवायची होती. त्या संशोधनाला पैसे मिळायचे तर प्रस्तावाला कामगार बायकांची संमती जोडावी लागे. बाईंनी कागद वाचून दाखवला, गाडीचं चित्र दाखवलं. पाच जणींनी अंगठे उठवले, त्यात मैनाही होती.

त्या दिवसापासून तिचं कामात लक्ष लागेना. साच्यात चिखल दाबताना हात मध्येच थांबे. भट्टीची जमीन सगळी राख आणि भुसा; तिथे चाक रुतणार. कच्ची वीट हिसक्याने तुटणार. आणि ओझ्याने दुखणारी मान काय, रात्रीतून बरी व्हायची. उकिडवं बसून धरलेली कंबर आणि गुडघे सकाळीही सरळ होत नसत. हे बाईंनी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं.

"तू कशाला डोकं शिणवतेस? गाडी तं गाडी," नवरा चांगो म्हणाला.

"पन अंगठा माजा हाय ना तिथं."

चौथ्या दिवशी ती कामावर गेलीच नाही, पायीच पनवेलला निघाली. बाजारामागे बाईंनी खोली घेतली होती. तिथे त्यांचा सहायक कुमार शेवटचं पान टाइप करत होता. संध्याकाळच्या टपालाने प्रस्ताव जायचा होता.

"बाई, माजा अंगठा पुसा," मैना दारातूनच म्हणाली.

"मुकादमाने दम दिला का तुला?"

"नाय. गाडी कामाची नाय." ती फरशीवर उकिडवी बसली आणि हवेतच विटा थापून दाखवू लागली. "असा दिसभर. आता बसा तुमी."

"मॅडम, आज प्रस्ताव गेला नाही तर वर्ष जाईल," कुमार म्हणाला.

बाई येरझाऱ्या घालत राहिल्या. मैनालाही एका जागी बसवेना. उगाच आले, असं वाटायला लागलं. शेवटी बाईंनी कागद फायलीत बांधून ठेवले. "उद्या येते भट्टीवर. मला शिकव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीस विटा थापल्या आणि त्यांना उठता येईना. मैनाने हात दिला.

त्या साली प्रस्ताव गेला नाही. पुढच्या साली गेला, उभ्याने विटा थापायच्या टेबलाचा. संशोधकांच्या यादीत तिसरं नाव मैनाचं होतं. मंजुरी देणाऱ्यांनी तिचं शिक्षण विचारलं. बाईंनी लिहिलं, बावीस वर्षं विटा थापल्या आहेत. मंजुरी आली.

पहिलं टेबल आलं तेव्हा मैनाने त्यावर दहा विटा थापल्या आणि करवत मागितली. "उंच हाय. खांदा भरतो." टेबलाचे पाय चार बोटं कापले, तर ते डुगडुगायला लागलं. तिसऱ्या खेपेला जमलं. नंतरच्या हंगामात सात जणी उभ्याने विटा थापत होत्या. मैनाचे गुडघे मात्र तोवर गेले होते. ती थोडा वेळ उभी राही, थोडा वेळ बसे, आणि टेबलात अजून काय बदलायला हवं ते बाईंना सांगत राही.