मागावरचा डेमो
नव्या टॉवेलची घडी उलगडली, की खळीचा वास येतो आणि मला एमआयडीसीतली यंत्रमागांची ती शेड आठवते. वडील तिथं कामाला होते. त्यांची नजर मंदावली होती, मागावर तुटलेला धागा त्यांना दिसेना. तो कॅमेऱ्याने हेरावा म्हणून मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षात एक प्रोग्रॅम लिहिला. तो चालला तर वडिलांना कामावर ठेवू, असं मालक म्हणाले होते. मालक आणि वडील, दोघांसमोर मी तो सुरू केला आणि पडद्यावर लाल ओळी उमटून सगळं थांबलं. मी आवाज कापू न देता म्हणाले, “कॅमेऱ्याची जोडणी तुटलीय. काल इथंच केलेलं शूटिंग दाखवते.” त्यात धागा बरोबर सापडला. मालक म्हणाले, “पोरगी हुशार हाय की, घाबरली न्हाई. पण बाळ, धागा काल न्हाई, आत्ता तुटतो.” घरी जाताना वडील सायकल हातात धरून चालत होते. “लई चांगलं बोललीस,” एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांचं काम सुटलं. आता पुण्यातल्या ऑफिसात डेमो मध्येच बंद पडला, तरी मी तशीच शांत राहते. लोक कौतुक करतात. त्या दिवशी शेडमध्ये मी एकदाही वडिलांकडे बघितलं नव्हतं, हे या लोकांना कुठं माहीत आहे.