सोयऱ्यांचा हॉटस्पॉट

माझ्या मुलीचं लग्न एका मोबाइल टॉवरमुळे मोडता मोडता राहिलं. टॉवर अजून तिथेच उभा आहे आणि माझं त्याच्याशी वैयक्तिक असं काही वैर नाही.

आम्ही मूळचे वाशिमकडचे. नोकरीसाठी सुरतेला आलो, बमरोलीत फ्लॅट घेतला आणि इथलेच झालो. मी विम्याच्या ऑफिसात कारकून आहे, पण माझी खरी आवड म्हणजे मोबाइल. कुठल्या कंपनीचा कुठला प्लॅन चांगला, हे कुणी न विचारता सांगायची मला सवय आहे. (विचारून सांगायची वेळ अजून आलेली नाही.) सगळ्यांच्या कुंडल्या जुळवून मी एक कंपनी निवडली आणि तिचा फॅमिली प्लॅन घेतला. त्यात मी, बायको मंदा, मुलगी प्राजक्ता आणि वाशिमला राहणारी माझी थोरली बहीण शकूताई. ताईला प्लॅन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तरी मी तिला त्यात घातलं.

प्राजक्तानं लग्नासाठी मुलगा स्वतःच पसंत केला. निलेश सोनवणे, तिच्याच ऑफिसातला. घर खानदेशातलं, मुक्काम सुरतेजवळ कामरेजला, वडिलांचा तिथे दोरा गुंडाळायचा छोटा कारखाना. आम्हा दोघांना मुलगा आवडला होता. प्रश्न फक्त शकूताईचा होता. आई लवकर गेली, मला ताईनं वाढवलं, त्यामुळे तिनं मान हलवल्याशिवाय आमच्याकडे कुकरसुद्धा बदलत नाही. प्राजक्तानं मला स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, आत्या नाही म्हणाली तर तुम्ही तिच्यापुढे एक शब्द बोलणार नाही, मला माहीत आहे. म्हणून ती नाही म्हणणार नाही, एवढंच बघा."

ताई वाशिमहून आली ती एक अट घेऊनच.

"मुलीच्या सासरचं पानीसुद्धा प्यायचं नाही. नातवंड झालं की मग प्यायचं."

"अगं, पण अजून सासर झालंय कुठं?"

"बोलनी सुरू झाली नं? मग झालं."

म्हणजे आम्ही त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हतो. त्यांना आमच्याकडे बोलवावं, तर आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आणि निलेशच्या आईचे, सोनवणे वहिनींचे, गुडघे दुखरे. शेवटी मी तोडगा काढला. कामरेजच्या रस्त्यावर एक हॉटेल आहे, तिथे रविवारी सकाळी सगळ्यांनी भेटायचं, नाश्ता करायचा, बिल मी द्यायचं. ताईला हे पटलं. बिल मुलीकडच्यांनी दिलं तर तिची हरकत नव्हती.

निघताना मंदा पर्समध्ये नोटा ठेवत होती. मी त्या बाहेर काढायला लावल्या. ताईनं कमरेचा बटवा चाचपला, तर तोही मी कपाटात ठेवायला लावला. "हा फोन असताना बटवा कशाला? लोकांसमोर गाठी सोडत बसणार का?" माझं पाकीट तर मी केव्हाच वापरणं सोडलं होतं. एकूण काय, आम्ही चौघं अत्यंत आधुनिक अवस्थेत घराबाहेर पडलो.

हॉटेलात सुरुवात झकास झाली. लोचो आला, सेव-खमणी आली. लोचो म्हणजे ढोकळा करता करता बिघडलेला पदार्थ, पण वर तेल-शेव टाकली की सुरतेची माणसं त्याच्यापुढे कुणाचं ऐकत नाहीत. ताईनंही दुसऱ्यांदा मागून घेतला. निलेशनं तिला वाकून नमस्कार केला. ताईचा चेहरा सैल पडत चालला होता. प्राजक्तानं टेबलाखालून मंदाचा हात दाबला, तो मला दिसला. आता कुणी वेडंवाकडं बोललं नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं आणि मी बोलायला लागलो.

"सोनवणे साहेब, तुम्ही कुठली कंपनी वापरता?"

सोनवण्यांनी सांगितली. माझ्या कंपनीच्या विरुद्धची निघाली.

"अरेरे," मी म्हणालो.

"का हो?"

"त्यांचं नेटवर्क जुनं आहे. आमच्या कंपनीचं सगळं नवीन होतंय. हा बघा मेसेज. 'आपल्या भागात टॉवरचं काम चालू आहे, थोडा अडथळा येऊ शकतो.' म्हणजे पुढं बघा कसं पळतं ते."

"आमच्या कंपनीनं असा काही मेसेज नाही पाठवला," सोनवणे म्हणाले. "फोन केला की लागतो फक्त."

मला हे लागलं. मी त्यांना समजावून सांगितलं की आज लागणं महत्त्वाचं नाही, उद्या किती वेगानं लागेल ते महत्त्वाचं. ते म्हणाले, त्यांना माणसाशी आजच बोलायचं असतं. मंदानं मला पायानं ढोसलं. मी पाय बाजूला घेतला आणि मुद्दा पुढं नेला. माझ्या बोलण्यात जोर एवढा होता की शेजारच्या टेबलावरचे एक गुजराती काका खाणं थांबवून ऐकायला लागले.

तेवढ्यात बिल आलं. मी रुबाबात उठलो, गल्ल्यावरच्या क्यूआर कोडच्या चौकोनापुढं फोन धरला, आकडा टाकला, पिन टाकला. फोनवर एक गोल चकती फिरायला लागली आणि फिरतच राहिली.

"काका, पैसा नथी आव्या," गल्ल्यावरचे शेठ म्हणाले.

"थशे, थशे," मी म्हणालो. होईल, होईल.

झालं काहीच नाही. वर बघितलं तर रेंजची एकही काडी नव्हती. मंदाचा फोन घेतला, तोही तसाच. ताईचा तसाच. सगळे एकाच प्लॅनमध्ये, त्यामुळे सगळे एकाच वेळी मेले होते. मी दारात गेलो, पायरीवर चढलो, फोन डोक्यावर धरून रस्त्यापर्यंत जाऊन आलो. परत आलो तेव्हा ताई दारात उभी होती.

"काहून रे विनायका, पैसे देऊन रायला का सूर्याले दाखवून रायला?"

"टॉवरचं काम चालू आहे, ताई."

सोनवण्यांनी स्वतःच्या फोनवरच्या रेंजच्या काड्या बघितल्या. न बोलता ते इतकं काही बोलले की मला त्यांचा फार राग आला. वर त्यांनी खिशात हात घातला. ताईनं तो हात पाहिला आणि तिचा चेहरा पुन्हा घट्ट झाला. "भाऊ, तुम्ही दिलं तर मले हे खाल्लेलं पचनार नाही," ती म्हणाली. सोनवण्यांनी हात बाहेर काढला. शेठ भला माणूस, म्हणाला, "काले आपजो, शुं वांधो छे?" उद्या द्या, काय हरकत आहे? पण सोयऱ्यांसमोर उधारी नको, असं ताईनं तेही उडवून लावलं.

मग निलेश पुढं झाला. "काका, माझा हॉटस्पॉट घ्या ना."

मी फोन पुढं केलाच होता.

"थांब," ताई म्हणाली. "ते काय असते?"

"याच्या फोनमधलं नेट माझ्या फोनमध्ये येतं."

"कोनाच्या पैशाचं?"

"त्याच्या प्लॅनमधून जातं."

"म्हणजे त्याच्या घरचं तू घेनार."

"ताई, ते काही खायचं नसतं."

"पानी घ्यायचं नाही म्हटलं, मंग हे कसं चालते?"

सोनवणे म्हणाले, "आत्याबाई, नेट म्हणजे नुसती हवा हो."

"हवा असती तं याले आली असती," ताई म्हणाली.

गुजराती काकांना राहवेना. त्यांनी निलेशला विचारून सगळं समजून घेतलं आणि खुर्ची आमच्याकडे वळवली. त्यांच्याकडेही मुलीच्या घरचं पाणी घेत नाहीत, त्यामुळे विषय त्यांना गंभीर वाटला. त्यांचं मत पडलं की नेट चालावं. त्यांच्या बायकोचं पडलं की चालू नये. शेठनं विचारलं की मुलीच्या घरी गेल्यावर पंख्याखाली बसता की नाही? लाइट बिल तर जावईच भरतो. ताईनं विचार केला आणि म्हणाली, "पंखा चालते. तो आपन जायच्या आधीपासून फिरत असते." हा निकाल सगळ्यांना मान्य झाला. पण नेटचं काय ते ठरेना. काकांची कंपनी तिसरीच निघाली आणि आमच्या दोन्ही कंपन्या कशा लुटारू आहेत यावर ते घसरले. मग फोननं पैसे द्यावेत की रोख बरे, यावर शेठ आणि सोनवणे एक झाले आणि रोख जिंकलं.

या गडबडीत मी कोपऱ्यात उभा राहून माझ्या परीनं प्रयत्न करत होतो. फोन बंद करून चालू केला. मग माझ्यातला जाणकार जागा झाला. ॲपच बिघडलं असणार, असं ठरवून मी ते काढून टाकलं. म्हटलं, पुन्हा टाकू, ताजं होईल.

इकडे काकांनी तोड काढली. "लो, मारुं नेट लई लो." ते ना मुलीकडचे, ना मुलाकडचे. ताईनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि मान हलवली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी काकांचं नेट घेतलं, ॲप पुन्हा उतरवलं आणि त्यानं मला सांगितलं की खात्री करण्यासाठी तुमच्या सिमवरून एक मेसेज पाठवतो. माझ्या सिमवरून त्या क्षणी कुणालाही काहीही जाणार नव्हतं. म्हणजे काढून टाकलं नसतं, तर एव्हाना पैसे गेले असते. हे मी कुणालाही सांगितलं नाही, पण निलेशनं स्क्रीन पाहिला होता. पोरगं गप्प राहिलं. त्याच क्षणी मी त्याला मनातून जावई म्हणून टाकलं.

ताई मात्र खुर्चीत मागं टेकली होती आणि तिचा आवाज थंड झाला होता. "विनायका, पहिल्याच बैठकीत हे असं होऊन रायलं. मले काही हे लक्षन बरं दिसत नाही." प्राजक्ता एकदम उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी भरते," ती म्हणाली. "माझ्या पगाराचे पैसे आहेत, आत्या. मुलीकडचेच झाले ना?"

तिनं फोन धरला, पिन टाकला. गल्ल्यावरच्या बोलक्या डबीनं पैसे मिळाल्याचं खणखणीत सांगितलं. ताईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "हे बरं झालं," ती म्हणाली. काकांनी चहा संपवला. सोनवणे वहिनींनी पिशवी उचलली. सगळं संपलं होतं, छान संपलं होतं. कुणालाही काही प्रश्न पडलेला नव्हता.

मला पडला.

"पण प्राजू, तुझा फोन कसा चालला? तू तर आपल्याच प्लॅनमध्ये आहेस."

प्राजक्तानं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती लहानपणी फक्त इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांकडे बघायची.

"दुसरं सिम आहे," ती हळूच म्हणाली.

"दुसरं? कुणाच्या प्लॅनमध्ये?"

मंदानं मला पुन्हा पायानं ढोसलं, यावेळी जोरात. तोवर निलेश खाली मान घालून म्हणाला, "आमच्या."

सोनवणे त्याच्याकडे वळले. "म्हणून मी विचारत होतो, प्लॅनमध्ये हा चौथा नंबर कुणाचा?"

"माले माहीत व्हतं," सोनवणे वहिनी शांतपणे म्हणाल्या.

ताई उठून उभी राहिली. "म्हणजे पोरगी आधीपासूनच यांच्या घरचं घेऊन रायली."

"मी एकटी नाही, आत्या," प्राजक्ता म्हणाली. तिची पाठ भिंतीला लागली होती, आणि अशा वेळी माणूस बापालाही सोडत नाही. "बाबा रोज संध्याकाळी माझाच हॉटस्पॉट घेतात. त्यांची कंपनी घरी चालतच नाही. मॅच बघतात, बातम्या बघतात, तुला फोटो पाठवतात, सगळं त्याच्यावर."

काकांनी शेठला खुणेनं आणखी एक चहा सांगितला, ते आता उठणार नव्हते.

"रोज?" ताईनं मला विचारलं.

"मला वाटलं, तिच्या फोनला रेंज जरा चांगली येते."

ताईनं माझ्या हातातल्या मेलेल्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. मग तिच्या गालाला खळी पडली, ती लहानपणी माझी फजिती झाली की पडायची तीच. ती खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली.

"मी इथं नाश्ता कोन्या पैशाचा ते पाहून रायली, अन् हा बावा रोज जावयाच्या घरी जेवून रायला!" पदरानं डोळे पुसत ती सोनवण्यांना म्हणाली, "भाऊ, तारीख काढा. पोरीच्या बापाचं तुमच्याकडचं सगळं खाऊन झालं हाये. आता नाही कोन्या तोंडानं म्हनू?"

लग्न झालं, थाटात झालं. नियम मात्र ताईनं माझ्यापुरता आणखी कडक केला. नातवंड होईपर्यंत मी प्राजक्ताकडे कामरेजला गेलो तरी घोटभर पाणी घेत नाही. बाटली घरून नेतो. वहिनी चहाचा आग्रह करतात, मी हात जोडतो. पंख्याखाली तेवढा बसतो. ताईचा विश्वास नसतो, म्हणून मी तिथं असलो की तिला कळवावं लागतं.

"काही घेतलं नाही नं तिकडचं?" ती विचारते.

"थेंबसुद्धा नाही, ताई."

"शहाना हायेस. अन् काय रे, तुह्या कंपनीच्या टॉवरचं काम झालं वाटते. आज तुहा चेहरा कसा साफ दिसून रायला."

मी हो म्हणतो, व्हिडिओ कॉल बंद करतो आणि निलेशचा हॉटस्पॉट सोडतो.