पिवळ्या गाडीचं पहिलं ऑइल

पन्नाशीला टेकलेल्या माणसानं दोन सीटची स्पोर्ट्स गाडी कशाला घ्यावी, हा प्रश्न मला कोल्हापुरात कुणीही विचारला नाही. बायकोनं विचारला, पण ती पडली साताऱ्याची. बाकी अख्ख्या गावानं एकच विचारलं, "पैलं ऑइल कधी काढणार? आन् कुठं?"

विचारणारच. आमच्या उद्यमनगरात दर दुसरा माणूस लेथवर वाढलेला. माझंही तिथं छोटं मशीन शॉप होतं. नवं इंजिन घासतं, लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरतो, तो लवकर बाहेर काढला नाही तर इंजिनाची वाट लागते, हे आम्हाला बाळकडूतच पाजलेलं. मुदत मात्र ज्याची त्याची वेगळी. शॉपसमोरचा चहावाला म्हणाला पाचशे किलोमीटर. शेजारचा फौंड्रीवाला म्हणाला हजार. आणि गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक म्हणत होतं, पंधरा हजार नाहीतर एक वर्ष. तेही कंपनीच्या वर्कशॉपमध्येच, नाहीतर वॉरंटी विसरा. ते वर्कशॉप पुण्यात.

"पंधरा हजार?" चहावाला किंचाळला. "तवर त्या ऑइलचं डांबर हुईल की!"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मी एका माणसाला शब्द देऊन बसलो होतो.

तो माणूस म्हणजे आमचे मिस्त्री. शाहूपुरीत त्यांचं एकट्याचं गॅरेज. वडिलांच्या स्कूटरपासून आमच्या घरात आलेल्या प्रत्येक गाडीचं पहिलं ऑइल त्यांच्याच हातनं निघालेलं, तेही पाचशे किलोमीटरच्या आत. त्यांच्या हाताला गुण आहे असं वडील म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, आमची एकही गाडी कधी रस्त्यात बसली नाही. ब्याण्णव-त्र्याण्णव साली मी पहिली चारचाकी घेतली तेव्हा ते हात पुसत म्हणाले होते, "लेका, उद्या तू इमान घेतलंस तरी पैलं ऑइल म्याच काढणार." मी म्हणालो, "शब्द दिला, मिस्त्री." बोलायला काय जातंय? चौदा-पंधरा वर्षांनी मी जवळजवळ विमानच घेणार आहे, हे तेव्हा मला कुठं ठाऊक?

आता शब्द पाळावा तर वॉरंटी जाते आणि वॉरंटी सांभाळावी तर मिस्त्रींना कुठल्या तोंडानं भेटू? मी मर्दासारखा तिसराच मार्ग काढला. मिस्त्रींना चुकवायला लागलो.

गाडी पिवळीधमक. आवाज असा, की गल्लीच्या या तोंडाला आलो तर त्या टोकाची कुत्री उठून बसायची. असली गाडी घेऊन कोल्हापुरात कुणाला चुकवायचं म्हणजे हत्तीवर बसून चोरीला निघण्यातला प्रकार. शॉपला जायचा सरळ रस्ता गॅरेजवरनं, म्हणून मी रंकाळ्याला वळसा घालायला लागलो. दहा मिनिटांची वाट पाऊण तासाची झाली. वर त्या वळशानं किलोमीटर दुप्पट वाढायला लागले. पाचशे तर कधीच उलटले. बायको म्हणाली, "मला माहेरी सोडायला कधी एवढे फिरला नाहीत."

एक दिवस रस्ते खणून ठेवलेले, गॅरेजवरनं जावंच लागलं. गॅरेज पन्नास पावलांवर आलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत आतनं खाडकन शटर खाली आलं. भर सकाळी अकरा वाजता! मी काय समजायचं ते समजलो. आमच्या गावात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. मी शब्द फिरवायच्या बेतात आहे हे मिस्त्रींच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांना माझं तोंडही बघायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गडहिंग्लजला लग्न होतं. पंगतीत मिस्त्री दिसले आणि मी चटकन मांडवाच्या खांबाआड झालो. जरा वेळानं डोकावलो तर त्यांच्या पानात जिलेबी तशीच पडलेली आणि मिस्त्री चपला हातात घेऊन मागच्या दारानं निघालेले. जिलेबी टाकून उठणारा माणूस नव्हे हो तो! मला त्यांचा राग चालला असता, चार शिव्या चालल्या असत्या. पण हे असं न बोलता निघून जाणं सहन होईना.

"जाऊन पाय धरा, नाहीतर गाडी विका," बायको म्हणाली. "पण कुशी बदलत पडू नका. माझी झोप मोडते."

मी यातलं काहीच केलं नाही. म्हटलं, आधी पुण्याला जाऊन ऑइल बदलून घ्यावं, म्हणजे वॉरंटी पक्की, आणि मग मिस्त्रींपुढं नाक घासावं. शहाणपणच सुचलं होतं मला! कंपनीचं वर्कशॉप सगळं काचेचं. टाय लावलेल्या साहेबानं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "सर, गाडी अजून ड्यू नाही."

"असू दे. पैसे देतो, बदला."

"सर, सिस्टिम घेत नाही."

"अहो, गाडी माझी, तेल माझं, सिस्टिमच्या बापाचं काय जातंय?"

"सर, कॉफी घेणार?"

माझं डोकंच फिरलं. कोल्हापूरहून पुण्याला काय कॉफी प्यायला आलो होतो? तिरमिरीत काउंटरवरनं फिल्टर घेतला, ऑइलचे डबे घेतले. साहेब मागनं म्हणत होता, "सर, बाहेर बदललंत तर वॉरंटी..." मी म्हणालो, "घाला चुलीत तुमची वॉरंटी!" बायकोच्या सीटवर डबे ठेवले आणि निघालो. कऱ्हाडपर्यंत राग टिकला. पुढं नुसती भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर इंजिन बंद केलं आणि उतारावरनं गाडी तशीच घरंगळत नेली. आवाज नाही, काही नाही. मिस्त्री दारात स्टुलावर पेपर वाचत बसलेले. त्यांनी मान वर केली तोवर गाडीचं नाक बरोबर शटरखाली. आता त्यांना पळायला जागा नव्हती आणि मलाही.

"मिस्त्री, चुकलं माझं," मी उतरता उतरताच सुरू केलं. "पाचशेला यायला पाहिजे होतं, दीड हजार होत आले. वॉरंटीच्या भानगडीत तोंड लपवत फिरलो. आता वॉरंटी गेली तेल लावत. हे ऑइल, हा फिल्टर. काढा तुमच्या हातानं, आणि काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

"कसली वारंटी?" मिस्त्री माझ्याकडं बघतच राहिले. "आन् तू कशाला त्वांड लपवतोस? म्याच तुला चुकवत हुतो की लेका!"

त्यांनी उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता. थांबतच नव्हता.

"दिवाळीपास्नं असं हाय. नटावर पाना बसत न्हाय. चाची बशी धरवत न्हाय. गिऱ्हाइकं दुसरीकडं लावून दिली. तुझी गाडी आल्याचं कळलं आन् माजी झोपच उडाली. एवढी भारी गाडी, आन् माज्या हातनं बोल्टाचं आटं मारलं गेलं तर? बरं, न्हाय म्हणायला जीभ रेटंना. मग काय, तुझा आवाज आला की शटर पाडत हुतो."

"आणि गडहिंग्लजची जिलेबी?"

"ती मातर लागली की मनाला!"

मी हसायला लागलो. तेही हसायला लागले. दोन बाप्ये माणसं दोन महिने एकमेकांना भिऊन गावभर लपत फिरत होती. हसता हसता माझं लक्ष पुन्हा त्या हाताकडं गेलं आणि रडूच यायला लागलं. एवढं वाईट मला आजवर कशाचं वाटलं नव्हतं.

"रडतोस काय बायल्यावानी?" मिस्त्री खेकसले. "शर्ट काढ आन् उतर खड्ड्यात. हात तुझा, डोस्कं माजं."

फळ्या टाकून गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. मी खाली उतरलो. वरनं तोफखाना सुरू झाला. "त्यो स्क्रू न्हवं, पलीकडचा! आरं, मशीन शॉप चालवतोस का पानपट्टी?" ऑइलच्या चेंबरचा बोल्ट सुटला तसं गरम ऑइल कोपरावरनं पार काखेत गेलं. मिस्त्रींनी थोडं वाटीत मागून घेतलं, बोटांत चोळलं, उन्हात धरून बघितलं.

"कीस-बीस कायबी न्हाय," ते म्हणाले. "लई ग्वाड हाय. वरीसभर चाललं असतं."

म्हणजे पुस्तक खरं होतं आणि वॉरंटी फुकट घालवली होती! मी खड्ड्यातनं गावाला एक कचकचीत शिवी हासडली.

ऑइल निथळलं. फिल्टर बसला. आता बोल्ट परत लावायचा. तो वाकडा बसला की आटे गेले, आटे गेले की चेंबर बाद. खाली डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

"थांब, उजेड धरतो," मिस्त्री म्हणाले. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी दिवा उचलला आणि खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून हात खाली सोडला. उजेड नाचायला लागला. भिंतीवर, चेंबरवर, माझ्या डोळ्यांत, बोल्टाचं भोक सोडून सगळीकडं. माझ्या शॉपमध्ये कुणी असा दिवा धरला असता तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. मी डोळे मिटून घेतले, भोक बोटानं चाचपलं, बोल्ट टेकवला आणि हलक्या हातानं फिरवायला लागलो.

"दिसतंय न्हवं रं नीट?" वरनं आवाज आला.

"व्हय मिस्त्री," मी डोळे न उघडताच म्हणालो, "लख्ख!"