पिचकडे पाठ

धर्मादादा मॅचला यायचा आणि मॅचकडे पाठ करून बसायचा. खारीचं मैदान, बाजूला मिठागर, मंडपाच्या पुढे प्लास्टिकची खुर्ची उलटी फिरवलेली. समोर पब्लिक, मागे पिच. मागे सिक्स जाऊ दे, दांडी उडू दे, दोन टीमची मारामारी होऊ दे, मान वळायची नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही बिचाऱ्याला. मी गेलो आणि खुर्चीसकट त्याला सरळ करायला लागलो. "काका, मॅच इकडे आहे."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की आंधळा मीच.

"बाला, बॉल कुटं जातंय त्ये बगायला सगला गाव हाय. लोकांचे डोले कुटं जातान, त्ये बगायला मी एकटा हाय."

धर्मादादा त्या टूर्नामेंटचा मालक, मॅनेजर, मार्केटिंगवाला, सगळं तोच. टेनिस बॉलची टूर्नामेंट. मंडप, जेवण, अंपायर, बक्षीस, सगळ्याचा खर्च स्पॉन्सरकडून आणायचं काम त्याचं. आणि स्पॉन्सरला तो तीच जागा विकायचा जिकडे डोळे जातात. पब्लिक ओव्हर संपली की अंपायरच्या पाठीकडे बघते, हे त्याने उलट्या खुर्चीत बसून शोधलं. मग अंपायरच्या पाठीवर गादीवाल्याचं नाव आलं.

आता माझं सांगतो. मी पाचवी नापास. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारतो. तिकडे मशीनचा आवाज एवढा की शेजारच्याकडे तंबाखू मागायची तरी बोंब मारावी लागते. घरी पण मी तसाच बोलतो. बायको सांगते, तुम्ही गुपचूप काही बोललात की खालच्या मजल्यावरून उत्तर येतं. एकदा मैदानावर माझी चप्पल हरवली म्हणून मी जरा चौकशी केली, तर बॅट्समन घाबरून क्रीज सोडून बाहेर आला आणि आउट झाला. धर्मादादाने तिकडेच माइक माझ्या हातात दिला.

मी बोललो, "दादा, मला वाचायला नीट येत नाही. डोकं पण चालत नाही."

"डोका रिकामा हाय म्हनूनच आवाज घुमतंय," तो बोलला. "भरू नको."

तेव्हापासून मी कॉमेंट्रीवाला. वाचायचं नाही, सगळं तोंडपाठ. दादा पढवायचा, मी बोलायचो. कॅच सुटला की चष्म्याच्या दुकानाचं नाव घ्यायचं. बॅट्समन आउट होऊन निघाला की सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्याचं. बॉल खाडीत गेला की वॉटरप्रूफिंगवाल्याचं. पब्लिक हसायची, आणि हसली की नाव लक्षात राहायचं. मी एकदा घाईत झीरोवर आउट झालेल्या पोराला प्रसूतिगृहाचं नाव लावलं. तो पोरगा अजून मला रस्त्यात दिसला की फुटपाथ बदलतो. दादा मात्र खूश. "डाक्तरचा फोन आला होता. बोल्ला, पुढच्या वर्षी बी झीरोच द्या आमाला."

मी एकदा विचारलं, "दादा, असं काय आहे जे तू विकणार नाहीस?"

"सगला इकायला हाय," तो बोलला. "नाव सोडून."

नाव म्हणजे चषकाचं नाव. कैलासवासी भावेश धर्मा स्मृती चषक. भावेश त्याचा एकुलता एक पोरगा. गावच्या टीमचा विकेटकीपर. बाईकवरून येताना हायवेला ट्रकखाली गेला. तो गेला त्याच्या पुढच्याच थंडीत दादाने टूर्नामेंट चालू केली. दरवर्षी सुरुवातीला मी माइकवर चषकाचं पूर्ण नाव घ्यायचो, मग बोलायचो, "सर्वांनी उभं राहून श्रद्धांजली वाहायची आहे." सगळं मैदान उभं राहायचं. मग टाळ्या, मग नारळ, मग टॉस.

मी मूर्ख. मला कितीतरी वर्षं वाटायचं, दादा बिझनेससाठी उलटा बसतो. एकदा कीपर लेग साइडला झेपावला, पब्लिकने "ओ" केलं, तेव्हा मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. त्याने डोळे गच्च मिटले होते. स्टंपच्या मागे दुसऱ्या कोणाचा पोरगा उभा असतो, ते त्याला बघवत नव्हतं, एवढंच होतं. डोळे मोजायचं काम त्याला खुर्ची फिरवल्यावर सापडलं.

तो मला बोलला होता, "घरान त्याचा नाव घेतला का बायको रडतंय. मैदानान घेतला का लोका टाल्या वाजवतान. मंग सांग, कुटं घेव?"

पुढे हवा बदलली. आजूबाजूला मोठमोठ्या लीग चालू झाल्या. खेळाडूंचा लिलाव, टीमला मालक, ड्रोन कॅमेरा, मोबाईलवर लाइव्ह. गादीवाला तिकडे गेला. चष्मेवाला तिकडे गेला. आम्ही दुकानाच्या पायरीवर दिसलो की शेठ लोक बंद पडलेला फोन पण कानाला लावायचे. मीरा रोडला एका ऑफिसात गेलो तर तिकडे लॅपटॉपवाला मुलगा बसलेला. लय गोड मुलगा. "अंकल, आपका आरओआय क्या है?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी शहाणा लगेच पुढे. "आरओ है ना सर! सब प्लेयर लोग को फिल्टर का ठंडा पानी देते हैं!"

मुलगा हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने आम्हाला चहा पाजला आणि खाली सोडायला लिफ्टपर्यंत आला. लिफ्टमध्ये दादा बोलला, "चाय पाजली म्हंजे न्हायच देनार." मग गेटच्या बाहेर पडल्यावर, "तो पैसे टाकून काय भेटंल इच्यारत होता ना? मना वरसातून एकदा पोऱ्या भेटतंय. ह्ये त्याला कसा सांगू?"

त्या वर्षी कोणीच उरलं नाही. एक जिग्नेशभाई सोडून. जिग्नेशभाई बिल्डर, महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत. सगळा खर्च द्यायला तयार. फक्त एक गोष्ट. चषक त्याच्या नावाचा पाहिजे.

दादा बोलला, "पुढं तुमचा नाव, मागं पोऱ्याचा?"

जिग्नेशभाई वाईट माणूस नव्हता. समजावल्यासारखा बोलला, "धर्माभाई, आप तो खुद मार्केटिंगवाला आदमी है. मेरे को तो खड़ा रहने का है. जो चला गया उसका नाम के साथ मेरा नाम? पब्लिक क्या समझेगा?"

हेच तर दादा आयुष्यभर दुसऱ्याला शिकवत आला होता. तो हो बोलला. ऑफिसच्या बाहेर येऊन तो गटाराच्या कट्ट्यावर बसला. मला हिशोब सांगत होता की स्वतःला, देव जाणे. "एक वरीस भाड्यानं द्यायचा. चषक चालू ऱ्हायला तर पुढच्या वर्षी नाव परत घेता येल. बंदच पडला तर कुटून घेव?"

दादाच्या घरी पोचलो तर वहिनी, म्हणजे दादाची बायको, दारात उभी होती. तिला आमच्या आधी बातमी पोचलेली. ती ओरडली नाही. बोलली, "घरान मना त्याचा नाव घेव देत नव्हतात, मना रडू येतंय म्हनून. मैदानान घेताव, म्हनून मी गप होते. आता मैदानान बी न्हाय?"

दादा मोरीत जाऊन पाय धूत बसला. किती वेळ धूत होता. मी चहा न पिता निघालो, आणि मी चहा सोडणारा माणूस नाही.

मला काम दिलं, नवीन नाव पाठ करायचं. मी आठवडाभर मशीनवर घोकलं. जिग्नेशभाई चषक, जिग्नेशभाई चषक. शेजारचा पॉलिशवाला बोलला, लग्न लाव त्याच्याशी आता.

टूर्नामेंटचा दिवस आला. सकाळी मैदान ओळखू येईना. चारी बाजूला जिग्नेशभाईचे बॅनर, हात जोडलेला फोटो, नवीन बाउंड्रीची दोरी, माणसाएवढा चषक. जिग्नेशभाई पांढऱ्या कपड्यात, फोटोवाले पुढे, कानाला फोन. दादा आपल्या जागेवर, पिचकडे पाठ. त्याने मला मान हलवून खूण केली.

मी छाती भरून घेतली. डोकं रिकामंच होतं. आणि जीभ सवयीने चालली.

"कैलासवासी... जिग्नेशभाई चषकामध्ये आपलं सहर्ष स्वागत! सर्वांनी उभं राहून श्रद्धांजली वाहायची आहे!"

सगळं मैदान उभं राहिलं. सवयच ती. टोप्या काढल्या, माना खाली. आणि जिग्नेशभाईने सगळे उभे राहिलेले बघितले, फोन खिशात टाकला आणि तो पण उभा राहिला. हात जोडून. डोळे मिटून. स्वतःच्या श्रद्धांजलीला. त्याच्या माणसाने कानात सांगेपर्यंत माणूस मनापासून शांत उभा होता.

पुढे काय झालं त्यातलं मला थोडंच आठवतं, कारण मी मंडपाच्या टेबलाखाली होतो. बॅनर उतरवले. दोरी गुंडाळली. चषक टेम्पोत आडवा घातला. जिग्नेशभाई शिव्या देत नव्हता, घाबरला होता. ड्रायव्हरला सांगत होता, घरी नको, आधी देवळात घे. दादा गाडीच्या मागे चालत गेला, काचेवर हात ठेवून काहीतरी बोलत. काच खाली झाली नाही. गाडी गेली. त्याचा हात हवेत तसाच राहिला.

मी टेबलाखालून बाहेर आलो. म्हटलं, आता मार, जितका मारायचा तितका. गाल पण पुढे केला. दादा परत आला. त्याने माझ्याकडे बघितलं, उघड्या बांबूंकडे बघितलं. कुठेच कोणाचं नाव नव्हतं. मग त्याने खुर्ची उचलली, फिरवली, आणि पिचकडे तोंड करून बसला.

"बोल," तो बोलला. "पोऱ्याचा नाव बोल. आता कोन अडवतंय?"

मी बोललो. आवाज फाटला, पण बोललो. दिवसभर मॅच झाल्या. प्लेयर लोकांनी स्वतःच्या डब्यातलं खाल्लं. बाउंड्रीला चुना कमी पडला तिकडे चपला मांडल्या. जिंकलेल्या टीमला मी कारखान्यातून पोचा पडलेली एक कळशी आणून दिली. त्या पोरांनी ती डोक्यावर घेऊन नाचवली. आणि दादाने सगळं बघितलं. प्रत्येक बॉल. कीपरने कॅच घेतला तेव्हा तो अर्धा उठला आणि पुन्हा बसला. रुमाल तोंडात धरला होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी पण बरा माणूस ठरलो असतो. पण तो शेवटचा चषक. टूर्नामेंटवाल्यांनी जिवंत माणसाला कैलासवासी केलं, ही बातमी सगळ्या दुकानांत फिरली. कुठला शेठ आम्हाला नाव देणार? मी दारात दिसलो तरी लोक गळ्यातल्या ताईताला हात लावायचे. मग मैदानाला पण पत्रे लागले, कसली तरी बिल्डिंग यायची होती.

दादा थांबला नाही. तेच बघवत नव्हतं. संध्याकाळी माझ्या खोलीवर यायचा, नवीन नवीन आयडिया घेऊन. गल्लीत प्लास्टिक बॉलचा चषक करू. गच्चीवर कॅरमचा करू. "कॅरमला मैदान लागत न्हाय, बाला." मी हो बोलायचो. एकदा बोलला, "येक लहान दुकानदार भेटला तरी चालंल. पानवाला बी चालंल. नुसता माइक पायजे." मी बोललो, दादा, माइकशिवाय घेतो ना मी नाव. तो बोलला, "टाल्या कोन वाजवनार?"

मग आजारी पडला. हॉस्पिटलात टीव्हीवर मॅच चालू असायची आणि दादा खाटेवर टीव्हीकडे पाठ करून झोपायचा, बाकीच्या पेशंटकडे बघत. "जाहिरात लागली का सगल्यांचे डोले मोबाईलमदी जातान. फुकट पैसा घालवतान कंपनीवाले." मी हसलो. त्याने माझा हात धरला आणि नुसतं बोलला, "बोल." मी हळू आवाजात चषकाचं नाव घेतलं. माझा हळू आवाज. तीन वॉर्ड पलीकडून नर्स धावत आली.

टाळ्या मी एकट्यानेच वाजवल्या. दादा थोड्या दिवसांनी गेला.

गावाच्या नाक्यावर मोठा फ्लेक्स लागला. कैलासवासी धर्मादादा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. वर दादाचा फोटो, आधार कार्डावरचा, रुसलेला. आणि खाली, त्याच्यापेक्षा मोठा, हात जोडलेला जिग्नेशभाई. शोकाकुल म्हणून. निवडणूक जवळ आली होती, भीती मागे पडली असणार. मरेला आदमी का नाम के साथ आता चालत होतं. भावेशचं नाव कुठेच नव्हतं. मी अक्षर अक्षर लावून खालपर्यंत वाचलं, प्रिंटिंगवाल्याच्या नावापर्यंत. नव्हतं.

लोक येत होते, थांबत होते, बघत होते. वहिनी पण आली, पदर तोंडाला लावून. मी फिरलो आणि फ्लेक्सकडे पाठ करून उभा राहिलो.

कोणीतरी बोललं, "अरे येड्या, फोटो मागे आहे. तिकडे काय बघतोस?"

"लोकांचे डोळे कुठे जातात ते," मी बोललो.