दोन इंची पाइप

माझा स्वभाव मुळात संशयी, आणि गॅरेजवाल्यांच्या बाबतीत तर जरा जास्तच. बाबांच्या जुन्या विलायती गाडीचा सायलेन्सर सडून फुटला, तेव्हा मेकॅनिकने मूळच्या मापाचा, दीड इंची पाइप टाकून नवा सायलेन्सर बसवला. गाडी पुन्हा गुपचूप चालू लागली. आणि आठवड्याभरात बाबा म्हणाले, हे सगळं काढून दोन इंची पाइप आणि आखूड सायलेन्सर लावायचा. त्यांना कुणीतरी शेंडी लावतंय याबद्दल मला शंकाच उरली नाही.

कारण हे तेच बाबा, ज्यांची गाडी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शिरली तरी वॉचमनला पत्ता लागत नसे. त्याचा त्यांना कोण अभिमान! शिवाय मे महिन्यात याच गाडीतून ते आईला, मला आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलीला कोकणात गावी नेणार होते. अशा वेळी नसते उद्योग कशाला?

मी आग्रा रोडवरच्या गॅरेजात एकटीच गेले, भांडायच्या तयारीने. मेकॅनिकने माझं सगळं मुकाट ऐकून घेतलं.

"ताई, मीच त्यांना नको बोललो," तो म्हणाला. "एवढ्याशा इंजिनाला मोठा पाइप लावला की चढावर दम राहत नाही. आणि तो आखूड सायलेन्सर कान फोडेल. पण त्यांना तोच पाहिजे."

आता माझा संशय बाबांकडे वळला. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी कुठल्या कट्ट्यावर बसतात, कुणाच्या नादी लागलेत, मी सगळं खोदून विचारलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. आईचा तर्क वेगळाच होता. तिच्या मते ते गाडी कुणा हौशी माणसाला विकायच्या बेतात होते आणि घरात बोलायची हिंमत नव्हती. काहीतरी पाणी मुरत होतं खास.

पाइप अजून बदलला नव्हता. पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन निघाले, तशी मीही शेजारी जाऊन बसले. म्हटलं, बघूच जातात कुठे. ते कुठेच गेले नाहीत. नाहूर स्टेशनपर्यंत जाऊन वळले, एवढंच. पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये केव्हाची ओरडत होती आणि ते गिअर बदलत नव्हते. वाटेत केळी घ्यायला मी उतरले. इंजिन चालूच होतं. परत येऊन बसले, तर बाबांनी स्टार्टरचं बटण दाबलं.

चालू इंजिनावर स्टार्टर मारला की पत्र्यावर पत्रा खरवडल्यासारखा आवाज येतो. केळीवाल्याने दचकून पाहिलं. बाबांचा चेहरा मात्र शांत होता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

मी त्यांचा हात धरला आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, गाडी चालूच आहे."

त्यांनी बटणावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "सायलेन्सर फुटला होता ना गं, तेव्हा सगळं कळत होतं. म्हणून मोठा लावायचा."

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तरी मी विचारलंच, अगदी मोठ्याने, "आणि मागच्या ट्रकचा हॉर्न?"

त्यांनी आरशात पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

"तो नाही ऐकू येत," ते म्हणाले.

गावाला आम्ही एसटीने गेलो. बाबांनी ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरली. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती, आई खिडकीबाहेर बघत होती. घाट सुरू झाला आणि माझं लक्ष खाली गेलं. प्रत्येक वळणावर बाबांचा डावा पाय क्लच दाबत होता.